डावीकडचे तारे

१७ जानेवारी
एका फोटोची खरी किंमत लिहून ठेवतो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, एक रात्र झोप, पँटभर कुसळं, सोबत यायला लेकीनं कबूल करवून घेतलेला पिझ्झा, आणि बायकोची दोन दिवसांची चुप्पी. एवढ्यात त्रेसष्ट फोटो. ठेवण्याजोगा एक.

आरंगच्या पुढे, नदीकाठी. चंद्र नव्हता. मृग नक्षत्र बरोबर मधोमध घेतलं. वीस सेकंद, ॲपर्चर २.८, आयएसओ ३२००. पंचवीस सेकंद केले की तारे लांबट येतात, म्हणून वीसच. मोजायला घड्याळ लागत नाही. शटर उघडल्याचा नि मिटल्याचा टक् कानाला पुरतो.

डावीकडे मात्र तारे विरळ. कारखान्यांचा धूर असेल. आयएसओ ६४०० करून पाहिला. फोटो रवाळ झाला, मला काही फरक दिसला नाही.

१८ जानेवारी
कापडाच्या दुकानातल्या कंप्युटरवर सगळे फोटो मोठे करून पाहिले. धूर-बिर काही नाही. डावीकडे पुनर्वसूची जोडी, खाली बारके किती तरी. शिगोशीग.

आणि अगदी डाव्या कडेला गौरी उभी. शाल गुंडाळून, माझ्यापासून दोन हातांवर. एका नाही, अकरा फोटोंत.

घरी येऊन डाफरलो, "गौरे, फ्रेममधी काहून घुसली होती?"
"पापा, मैं तो शुरू से वहीं थी. आपने दो बार धक्का भी मारा. मुझे लगा मज़ाक कर रहे हो."
ती हसली, मीही हसलो. मग हात धुवायला गेलो आणि नळ उगाच चालू ठेवून उभा राहिलो.

१९ जानेवारी
गिऱ्हाईक नसताना आधी उजवा, मग डावा डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डावीकडे कापडाच्या गाठींची थप्पी आहे, मीच लावलेली. दोन्ही वेळा निम्मी गायब. काळं काही दिसत नाही. तिथं काही नाहीच, असं वाटतं. हे जास्त वाईट.

वडिलांची आठवण आली, आबांची. गुढियारीत शिलाई मशीन चालवायचे. शेवटपर्यंत सुई स्वतः ओवायचे, म्हणून कोणाला कळलंच नाही. दाराच्या चौकटींना धडकायचे तर आई म्हणायची, लक्ष कुठं असतं तुमचं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येत नाही, उरलं तेवढं धरून ठेवू. तोवर उरलं होतं कुठं. बावन्नाव्या वर्षी मशीन विकली. नंतर मी हात धरून संडासला नेत असे.

मी एक्कावन्न. कॅमेऱ्यावरचे बारीकातले बारीक आकडे वाचतो. तेच तर भ्या.

२१ जानेवारी
गच्चीवर तिपाई लावली. डोकं लढवलं. नजर मृगावर ठेवायची, डावीकडे मला किती तारे दिसतात ते मोजायचे, आणि फोटोत तेवढेच उरेपर्यंत सेटिंग खाली आणत जायचं.

३२००, वीस सेकंद: शहराच्या उजेडानं आभाळ पांढरट, तरी तारे पुष्कळ. १६००. ८००. मग सेकंद कमी केले. दहा. पाच. दोन.

आयएसओ २००, दोन सेकंद. तेव्हा कुठं फोटो माझ्यासारखा झाला. फोटोत दोन ठिपके, मले दोन ठिपके.

कॅमेऱ्याचा आकडा परत वर नेता येतो. बॅगेत भरला, खाली आलो. कोणाले सांगितलं नाही.

२४ जानेवारी
जेवताना मंदा एकदम म्हणाली, "अहो, चटणी आवडत नाई तर तसं सांगा ना. वाटायची मेहनत तरी वाचंल."
"काहून? खातो की."
"कुठं खाता? चार महिने झाले, ताटाच्या डाव्या बाजूचं सारं तसंच ऱ्हाते. लिंबूबी."

ताटाकडे पाहिलं. मान वळवून. होती चटणी, जवसाची. माझ्या आवडीची.
मग सांगितलं. मंदा ओरडली नाही. तिनं चटणी उचलून वरणाशेजारी, उजवीकडे ठेवली. त्यानंच जास्त घाबरलो.

२७ जानेवारी
शंकरनगरच्या डॉक्टरीणबाई. वडिलांचं सांगितलं. डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. आतली नस बघून त्या लिहायला बसल्या. लिहिताना पेन मधेच थांबला, ते ऐकलं.
"परसों फील्ड टेस्ट करवा लीजिए, फिर बात करते हैं."
थेंब सुरू. मंदा बाटली फ्रिजमध्ये ठेवते, मी काढून परत परत लेबल वाचतो.

२९ जानेवारी
टेस्ट झाली. पांढऱ्या मोठ्या वाटीत तोंड घालून बसवतात, एका डोळ्याला पट्टी. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आभाळच म्हणा, टीचभर.

सुरुवातीला किती तरी वेळ काहीच नाही. घाम फुटला. मग ध्यानात आलं, प्रत्येक दिव्याआधी मशीन आतल्या आत 'कट्' करते. एकदा लय सापडली, मग काय.
टेस्टवाली म्हणाली, "अंकल, आराम से. दिखे तभी दबाना."
"हव दीदी."

बाहेर बाकावर गौरी नखं खात बसलेली. म्हटलं, "पोट्टे, तुझ्या बापानं एकबी ठिपका नाई सोडला!" तिनं मिठीच मारली. घरी फोन करून मंदालाही तेच सांगितलं. ती रडली.

रात्री गाढ झोप लागली, दहा दिवसांनी.

३० जानेवारी
दवाखान्यातून बोलावणं. टेस्टवालीनं कागद पुढं केला, आवाज खाली आणला.
"अंकल, ये रिपोर्ट मैडम नहीं मानेंगी. मशीन बीच-बीच में सिर्फ़ आवाज़ करती है, लाइट नहीं जलाती. पेशेंट सच में देख रहा है कि नहीं, इसके लिए."

सोमवारी पुन्हा. कानात कापूस घालून या म्हणाली, हसली नाही. मंदाला खरं काय ते सांगितलं, ती सोबत येणार आहे. डावीकडे किती उरलं, हे अजून कोणालाच माहीत नाही.

दिवा न लावता मशीन दहा वेळा वाजली होती. मी नऊ वेळा बटण दाबलं.