आज दाभण तू धर

अब्बा, सुट्टीवर मुरुमला आलोय. स्वयंपाकघरात तुमच्याच जागी बसलोय, समोर कोरा कागद. कंपनीला एक पत्र लिहायचंय, एका माणसाची नोकरी त्यावर अडकलीय. मालवाहू जहाजावर मी आता साहेब आहे, डेकवरच्या माणसांना कामं वाटतो. म्हणजे तुम्ही मोंढ्यात हमालांचे मुकादम म्हणून करायचात तेच, फक्त कडक इस्त्रीत.

तुमची एक रीत होती. सकाळी कुणी हमाल गप्प गप्प आला की त्याच्या पाठीवर पोतं देत नव्हतात. पोत्यांची तोंडं शिवायचा दाभण हातात ठेवून एवढंच म्हणायचात, "आज दाभण तू धर." बाकीचे काय ते समजायचे. कुणी विचारायचं नाही, त्याची पोती आपसात उचलायचे. कॉलेजच्या सुट्टीत एकदा मी सगळ्यांदेखत बोललो, "एवढा धडधाकट माणूस बसून शिवतोय?" काय चिडलात तुम्ही! "पोतं कुणीबी उचलतंय रे. आधी त्याच्या तोंडाकडं बघ." लई लागलं होतं मला. लागलं, पण शिकलो काय? डोंबल.

आमच्या खलाशांचा म्होरक्या, जहाजावर त्याला सारंग म्हणतात, बेंबळीचा. आपल्याच जिल्ह्याचा, म्हणून मी त्याच्याशी मुद्दाम तुटक वागायचो. साहेब गाववाल्याला सांभाळतो असं कुणी म्हणायला नको. एका सकाळी क्रेनवर चढून रंग द्यायचा होता. तो म्हणाला, "साहेब, आज वर चढायला नको वाटतंय." दाढी वाढलेली, नजर खाली, आत्ताही दिसतोय. मी म्हणालो, "ही काय बेंबळी न्हाय. चढ." तो चढला. आदल्या दिवशी त्याची आई गेली होती, हे मला आठवड्यानं स्वयंपाक्याकडून कळलं. तेव्हाही मी त्याच्याकडं गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?

त्यानंतर डेकवर सगळं नुसतं "येस सर." सांगितलं तेवढंच काम, वर एक शब्द नाही. जहाज बांधायचा दोर झिजत चाललेला सगळ्यांनी बघितला, मला कुणीच सांगितलं नाही. बंदरात तो तुटला अन् एका खलाशाच्या कानाजवळून सपकन गेला. अल्लाचा करम, वाचला बिचारा. मी अहवालात काय लिहावं? सारंगाचं कामात लक्ष नाही. कंपनीनं त्याला परत बोलावलंच नाही. आता घरीच बसून असतो म्हणे. तुमच्या जनाज्याला खांदा द्यायला हमाल एकमेकांना ढकलत होते, अब्बा. मी जहाजावरून उतरलो तेव्हा माझी बॅग मीच खाली आणली, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

बेंबळीची गाडी रोज दारावरून जाते. मी बसलो नाही. खरं सांगू? हा तोच कागद आहे. तो अहवाल चुकीचा होता, दोष माझा होता, एवढ्या दोन ओळी यावर कंपनीला लिहायच्या होत्या. पेन टेकवलं अन् वर "अब्बा" लिहिलं. तुम्ही माझी नोकरी थोडीच घेणार आहात.