बहात्तरचा भाव

सांगली, फेब्रुवारी १९७३

प्रिय अजितदादा,

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण तू घाबरच. आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलंय. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन याच आठवड्यात व्हायला हवं. माझ्या पाटल्या मोडल्या, त्या औषधांतच संपल्या. तुझ्या पगारात तुझंच भागत नाही, ठाऊक आहे मला.

गेल्याच्या आदल्या दिवाळीला तू मुंबईहून आलास, अप्पांना इंजिनच्या कारखान्याचं गणित समजावलंस, आठवतं? आज शेअरमागे नफा चार रुपये, बाजार देतो आठपट, म्हणून भाव बत्तीस. नवी शेड चालू झाली की नफा नऊवर जाईल, भाव बहात्तर. मागचा नफा बघून भाव करू नये, पुढचा बघावा, म्हणालास. जन्मभर हळद हुंगून भाव करणारे अप्पा तुझ्याकडे बघतच राहिले. महिन्याभरात वखार विकून त्यांनी शेअर घेतले. पेठेत सांगत फिरायचे, "माझ्या पोराला पुढचं वर्ष दिसतंय."

पुढचं वर्ष असं येईल, हे कुणाला दिसलं होतं रे? पाऊस नाही, वीजकपात, शेड निम्मा आठवडा बंद. गणपती पेठेतले मदनशेठ सव्वीसने सगळे शेअर घ्यायला तयार आहेत, रोख, शुक्रवारपर्यंत. ऑपरेशन भागेल. पण अप्पा हलत नाहीत. म्हणतात, "दुष्काळ सरला की विहिरीविहिरीवर इंजिन बसंल. अजितचा आकडा खोटा न्हाई." मी पाया पडले, भांडले.

शेवटी आईला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. णमोकार मंत्र पुटपुटत होती, थांबली. म्हणाली, "राजी, माझ्यापायी इकू नगा. पोराचा शब्द पडंल." मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

दादा, ती दोघं माझं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचंही नाही. तुझं ऐकतील. कदाचित तुझं गणित बरोबरही असेल, दोन वर्षांनी भाव बहात्तर होईलही. तरी माझ्यासाठी खोटं बोल. पत्र नको, पोचायला वेळ लागेल. हे हातात पडताच अप्पांना तार कर: अंदाज चुकला, ताबडतोब विका.

तुझीच,
राजमती