वरच्या मजल्यावरची आई

दादा,

मी घर सोडून निघाले आहे. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

आज चॅनेलवर चर्चेला मंत्री आणि विरोधी पक्षनेते दोघंही आले होते. माझ्याकडे मेकअपला बसताना दोघांचा नेहमी एकच हट्ट असतो, आरशावर टॉवेल टाक. दोघांच्याही मानेवर दातांचे सारखेच व्रण आहेत, तेही मीच झाकते. मला वाटायचं, मोठ्या माणसांची थेरं! आज टॉवेल घसरला. आरशात माझा ब्रश हवेत फिरत होता आणि खुर्ची रिकामी होती.

मी किंचाळले, तर दोघं हसले. पडद्यावर एकमेकांचे गळे धरणारे हे दोघं! तेवढ्यात मंत्र्यांचा फोन वाजला आणि दोघंही ताडकन उभे राहून "हो, आई" म्हणाले. फोनमधला आवाज मी लगेच ओळखला, आपल्या वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई होत्या.

"घाबरतेस काय?" मंत्री म्हणाले. "आमच्याआधी आईने कित्येक राजे गादीवर बसवले आणि उतरवले. तुझ्या भावाला निवडणुकीचं तिकीटही तिनेच दिलंय."

काल तू तिचे आभार मानायला वर गेलास. तेव्हापासून गळ्यातला मफलर काढलेला नाहीस. घसा बसलाय म्हणालास.

म्हणून चिठ्ठी आरशावर चिकटवली आहे. आता समोर बघ. स्वतःचं तोंड दिसत असेल, तर आरशाकडे कॅमेरा धरून मला व्हिडिओ कॉल कर. मी धावत येते.

नसेल दिसत, तर मला शोधू नकोस. ओट्यावर जेवण झाकून ठेवलंय. भूक लागेल तेव्हा आधी तेच खाऊन बघ, दादा.