हात धुण्याचे तीन क्रेडिट

४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बहिणीला हात कसे धुवावेत ते येत नाही, असं कॉलेजने लेखी कळवलं आहे. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्या सर्जनना पुन्हा हात धुवायला पाठवलं, आता माझी पाळी.

लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला नाव घातलं, हे तुला ठाऊकच आहे. जुन्या कॉलेजचे साठ क्रेडिट नेले, नव्या कॉलेजने एकेचाळीस धरले. बाकीचे मी पुरे केले, आता एकच विषय उरला. 'आरोग्य आणि स्वच्छता' हा सगळ्यांना सक्तीचा सामान्य विषय मी तेव्हाच पास झाले होते, पण तिथे त्याला दोन क्रेडिट होते आणि इथे तीन आहेत. म्हणजे एक कमी पडला ना? छे, तिन्ही गेले. नोकरीचा अनुभव धरता येतो का विचारलं, तर तो अभ्यासक्रमात बसत नाही म्हणाले.

आमच्या मेट्रनबाई निवृत्त होताहेत. त्या जागेच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर आहे आणि पदवीशिवाय फॉर्मसुद्धा मिळत नाही. तूही तुमच्या कॉलेजात जुने क्रेडिट धरायचे की नाही ते ठरवणाऱ्या खुर्चीवर बसतोस. काही वाट असेल तर सांग.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून,
ताई

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. धोरण अगदी योग्य आहे म्हणाले आणि त्याची एक प्रत मागवून घ्या म्हणाले.

तुमचं कॉलेज तरी दयाळू आहे. आमच्याकडे विषयाचं नावसुद्धा अक्षरशः जुळावं लागतं. आमच्या तक्त्यात 'आरोग्य व स्वच्छता' आहे, तू 'आणि' शिकलेली. तिथेच अडली असतीस. आपल्या विषयापलीकडचं जग कळावं म्हणून सामान्य शिक्षण असतं. तुला आपल्या विषयाच्या अलीकडचं कळेल, इतकंच.

वाट नाही, ताई. वाद घालू नकोस. मागच्या बाकावर बस, विणकाम ने, तीन क्रेडिट पदरात पाडून घे. भाओजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (नियमात बसेल तेवढा),
धाकटा

३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विणकाम नेलं होतं. चौथ्या तासाला बाईंनी पडद्यावर हात धुण्याचं चित्र दाखवलं, त्यात अंगठे आणि नखं कोरडीच राहिली होती. मी उठून तसं सांगितलं. बाई पंचविशीतल्या, पण मनाने मोठ्या. मला पुढे बोलावून त्यांनी तीन दिवस रोज एकेक तास शिकवायला लावलं आणि स्वतः माझ्या बाकाशेजारी बसून टिपणं घेतली. ऐंशी पोरांचे हात मी एकेकाचे तपासले.

काल फलक लागला. माझी तीन तासांची गैरहजेरी, म्हणून परीक्षेला बसता येणार नाही. त्या तीन दिवशी माझी जागा रिकामी होती. मी फळ्यापाशी होते असं कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं, तर फळ्यापाशी शिक्षक असतात म्हणाले.

त्या खिडकीतला माणूस उद्धट नव्हता, बाळा. आवाज मऊ, अगदी तुझ्यासारखा. घरी येताना तोच विचार डोक्यात होता. तू आजवर अशी किती माणसं परत पाठवलीस? गंमत न करता सांग.

ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर कपाटात होतं. यंदाचे दोनशे चौदा अर्ज काढून बसलो. त्यातले एकशे साठ मी परत पाठवले होते आणि एकाचंही विषयाच्या नावापुढचं पान वाचलं नव्हतं.

त्यात एक सुतार निघाला. 'हस्तकौशल्य परिचय' हा विषय माफ व्हावा म्हणून त्याने अर्ज केला होता. स्वतः केलेल्या दारांचा फोटो जोडला होता. ती दारं आमच्याच सभागृहाची आहेत. मी रोज त्यांतून आत जातो. तोच फोटो मी नकाराच्या कागदाला मागून टाचला होता.

अर्ज मान्य करावा, अशी शिफारस लिहून समितीपुढे गेलो. साहेब म्हणाले दारं उत्तम आहेत, पण अभ्यासक्रम कुठे आहे. मी म्हणालो, मग यापुढे नकारावर माझी सही मिळणार नाही. सोमवारपासून मी आवक-जावक विभागात पाकिटांना तिकिटं लावतो आहे.

तुझ्यासाठी एकच सुचतं. तू त्या तिन्ही तासांना वर्गात होतीस, एवढंच त्या बाईंकडून तारखांसह लिहून घे. 'शिकवत होती' हा शब्द मात्र कुठेही येऊ देऊ नकोस.

थोडा कमी हुशार झालेला,
धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाईंनी लिहून दिलं आणि स्वतः प्राचार्यांच्या दाराशी दोन तास बसून सही आणली. परीक्षा झाली. हात धुण्याच्या प्रश्नाला मी, आम्ही थिएटरमध्ये करतो तसं लिहिलं, म्हणून निम्मेच गुण मिळाले. पण पास झाले, मुदतीच्या दोन दिवस आधी फॉर्म भरला आणि आजपासून मेट्रनच्या खुर्चीत बसते आहे.

तुझ्या बदलीचं घरात सगळ्यांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. तुझं ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं आहे.

सकाळी पहिल्याच फायलीत आमच्याकडे आया म्हणून काम करणाऱ्या तिघींचे अर्ज निघाले. मदतनीस परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणतात. प्रत्येकीची वीस-वीस वर्षं वॉर्डात गेली आहेत. वर कार्यालयाची टीप होती की शालान्त प्रमाणपत्र नाही, नाकारावे. फक्त माझी सही बाकी होती. पेन हातात घेतलं होतं, खोटं कशाला सांगू. मग ते खाली ठेवलं आणि तिघींना आत बोलावून बसायला खुर्च्या दिल्या. गेल्या वीस वर्षांत त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

त्यांचं ऐकून घ्यायला दुपार गेली. टीप खोडली आहे. उद्या वरून काय येईल ते बघू. पाकिटांमधून सवड झाली की येऊन जा.

तुझ्यावरचा लोभ होता तसाच, त्यात जरा अभिमान मिसळून,
ताई