शिलाहारांचा दगड आणि सुके बोंबील

शनिवार, १० जानेवारी
उद्या माझा पहिला हेरिटेज वॉक. ‘परळ-भोईवाडा : मध्ययुगाच्या पाऊलखुणा’. ऑनलाइन कोर्स पूर्ण, सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये. मूर्तिशास्त्रात आता माझा हात कोणी धरू शकत नाही. कालिंदी म्हणते, आधी एकदा जाऊन बघून तरी ये. बायकोला रिसर्च कळत नाही. टोपी घेतली.

रविवार, ११ जानेवारी
वॉक यशस्वी. जवळजवळ. जुनं शिल्प ज्या देवळात आहे ते दुपारी बंद. तसं बाहेर लिहायला नको का? (लिहिलं होतं.) मंडळी उन्हात तापलेली, एक काका टॅक्सी शोधायला लागले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक दगड दिसला, बाजूला झिजलेलं कोरीव फूल. वर एक बाई बसलेली, पुढ्यात टोपलीत सुके बोंबील आणि जवळा. तोंडातून निघून गेलं : शिलाहारकालीन! बहुधा शिवमंदिराचा अवशेष.
काका टॅक्सी सोडून परत आले. मग धडाधड फोटो. बाईंना म्हटलं, मावशी, जरा उठता का? त्या उठल्या आणि पदराने दगड पुसून दिला. मला टाळ्या.
मी ‘बहुधा’ म्हणालो होतो. नोंद असावी.

सोमवार, १२ जानेवारी
वॉकमधल्या पूर्वी नावाच्या मुलीने दगडाचं रील टाकलं. हिट! ऑफिसात दोघांनी ‘काय, इतिहासकार’ म्हटलं.
तसलं फूल चाळींच्या जिन्यांवरही असतं, हे जेवताना आठवलं. जेवताना विचार करू नये.

रविवार, १८ जानेवारी
दुसरा वॉक. दगडाला शेंदूर. झेंडूचा हार. वर पत्रा. तिथल्या मंडळाचा विनीत धावत येऊन माझ्या पाया पडला. मासळीवाल्या मावशी दिसेनात म्हणून विचारलं, तर म्हणाला, सर, देवाच्या बाजूला मच्छी कशी चालणार? त्या आता मागे बसतात, कचऱ्याच्या डब्याकडे. जबरदस्ती नाय हा सर, स्वतःच उठल्या.
स्वतःच उठल्या हे ऐकून बरं वाटलं. डबा दिसेपर्यंत.
आज ‘बहुधा’ जोरात म्हटलं. त्याच वेळी कोणीतरी घंटा वाजवली.

मंगळवार, २० जानेवारी
छातीत जळजळ. वडापावची असावी. कोर्सच्या मॅडमना दगडाचा फोटो पाठवला. उत्तर आलं : जिन्याची पायरी. शंभरेक वर्षांची असेल फार तर. पुढे हसरा चेहरा. त्याची गरज नव्हती.
मध्ययुग थोडं अलीकडे ओढता येतं का, तासभर पाहिलं. नाही येत.
संकल्प : रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. स्पष्ट. न अडखळता.

रविवार, २५ जानेवारी
तुफान गर्दी. सांगायला तोंड उघडलं आणि विनीतने अंगावर शाल घातली. हातात नारळ. शाल अंगावर असताना असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. नंतर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हसला, म्हणाला, सर, हा तुमचा मोठेपणा. महाशिवरात्रीला अभिषेक ठेवलाय, यायचं.
घरी कालिंदीने शाल पाहिली. एवढंच विचारलं, त्या बाईंचा धंदा होतो का रे आता? मी चहा मागितला. दिला नाही.

शनिवार, ३१ जानेवारी
मावशींकडे जाऊन आलो. नाव रमाबाई. इतक्या दिवसांत आज विचारलं! गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही, वास कचऱ्याचा आणि नाव बोंबलाचं. मला बघून त्यांनी बसायला गोणपाट झटकलं. लाज वाटली. खूप लाज वाटली. खरं सांगायलाच गेलो होतो, पण घशातून भलतंच निघालं : एक किलो बोंबील द्या.
आमच्या घरात अंडंही चालत नाही. लिफ्टमधून उतरलेल्या आजींनी पदर नाकाला लावला. पिशवी वॉचमन रघूला दिली. तो खूश. म्हणजे दिवस अगदीच वाया गेला नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी
वॉक रद्द. कारण : प्रकृती. खरं कारण लिहायला प्रकृती बरी हवी.

रविवार, १५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
गेलो. आज सांगणारच होतो, आणि सांगितलं. अभिषेकाच्या रांगेत अगदी शेवटी रमाबाई, हातात दुधाचा तांब्या. मला बघून रडायला लागल्या. म्हणाल्या, इतकी वर्षां देवाच्या डोक्यार बसलंय मी, सर. झिलाचो पाय मोडलो तो उगाच नाय.
तिथेच सगळं सांगून टाकलं. हा देव नाही, जिन्याची पायरी आहे. शिलाहार वगैरे मी ठोकून दिलं. तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या मुलाच्या पायाचा याच्याशी संबंध नाही. चूक माझी. तुम्ही परत तिथे बसा. एकदाही अडखळलो नाही.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळे पुसले. म्हणाल्या, तुमी बरे माणूस, सर. माका बरां वाटाचां म्हणान खोटां सांगतास. पण देवाच्या दारात असां बोला नकात, तुमका पाप लागात.
मग तांब्या खाली ठेवून त्या माझ्या पाया पडल्या.
मी आशीर्वाद दिला.