टॉवेलाचा हक्क आणि व्याह्यांचा नंबर

मुखेड, मंगळवार

श्रीयुत उद्धवराव व्याहीबुवांना (अजून तसं म्हणायची मुभा असेल तर) रामलिंगचा वाकून नमस्कार. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर आज सकाळच्या फोनपासून वाढली असणार, याची मला धास्ती आहे. होणाऱ्या सुनेचा बाप पोलीस ठाण्यात बसलाय हे ऐकून तुम्ही "आमचं असं कुणी न्हाई" म्हणालात आणि फोन ठेवलात, यात तुमची काही चूक नाही. (फोन स्पीकरवर होता. सगळ्या ठाण्याने ऐकलं. मला लागलं, पण ते असू द्या.) लग्न महिन्यावर आलंय आणि आमची ऋतुजा माझ्याशी बोलेनाशी झालीय, म्हणून खरं काय झालं ते कळवतो.

परवा आमच्या बाजारात कायद्याचं शिबिर झालं. अटक झालेल्या माणसाचे हक्क वकीलबाईंनी समजावून सांगितले. कारण लेखी मागा, नातेवाइकाला कळवायला लावा, ऐपत नसेल तर मोफत वकील मागा, चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायला लावा. मी सगळं पाठ केलं. (पहिली पंधरा मिनिटं चहात गेली, तेवढं हुकलं.) आज सकाळी मानपानाचं बोलायला तुमच्याकडेच निघालो होतो. रिवाजाप्रमाणे एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. आत जाऊन बघतो तर शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ त्या टॉवेलावर ऐसपैस बसलेले! मी टॉवेल ओढला, त्यांनी मला ओढलं, टॉवेलाचे दोन तुकडे झाले आणि कंडक्टरने गाडी ठाण्यापुढे थांबवून आम्हा दोघांना खाली उतरवलं.

हवालदार अश्वजित भला माणूस. त्याने आमची समजूत घातली, चहा पाजला. शिरूरवाले पुढच्या गाडीने गेलेसुद्धा. मी मात्र उठलो नाही. अटकेचं कारण लेखी मागितलं. तो म्हणाला, "काका, तुमाला अटक केलीच न्हाई. घरी जावा की." पण हक्क सोडतो तो मी कसला! मोफत वकील मागितला, चोवीस तास मोजायला लागलो, नातेवाइकाला कळवा म्हणून हटून बसलो. शेवटी वैतागून त्याने नंबर विचारला. घरचा द्यायचा सोडून मी तुमचा दिला. लातूरचे व्याही, कोर्टातून रिटायर झालेले, हे चारचौघांत सांगायची हौस आली, दुसरं काय. (त्या हुकलेल्या पंधरा मिनिटांत बाईंनी सांगितलं होतं म्हणे, की आधी अटक आहे का ते विचारा आणि नसेल तर सरळ घरी जा.)

तेव्हा गुन्हा नाही, नोंद नाही, गेला तो फक्त टॉवेल. सोयरीक मोडू नका. पोरीचा जीव गुंतलाय.

तुमचा (मुभा असल्यास)
रामलिंग

ता. क. जावईबापू सांगू नका म्हणाले होते, पण राहवत नाही. स्पीकर तुमच्याकडेही चालू होता. दोन तासांत तुमचे चिरंजीव मिहिरराव मोटारसायकलवर ठाण्यात हजर! अश्वजितने विचारलं, "यांचं नातेवाईक कोण?" तर म्हणाले, "मी हाय." व्याहीबुवा, मला तिथेच रडू फुटलं.

ता. क. २ हे पत्र तेच आणून देतील. पत्रिका छापायला गेलो होतो असं सांगतील, ते खरं मानून घ्या. पत्र लिहिलं ते खरं म्हणजे एवढ्यासाठीच. ऋतुजा आता बोलते. त्यांच्याशी.

ता. क. ३ मांडवातली पुढची खुर्ची तुमच्यासाठी उरलेला अर्धा टॉवेल टाकून धरणार आहे. दुसरं कुणी बसलं तर पुन्हा ठाण्यात जाईन, पण या वेळी नंबर मिहिररावांचा देईन.