एक हजार नावं आणि एक फुकट पुस्तक

१ सप्टेंबर. सकाळी ६.१०
देवापुढे दिवा लावला आणि मगच लिहायला घेतलं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच रोजनिशीला घेतली. नवीन वही आणणार नाही.
काल मुलाचा फोन आला होता. म्हणाला, "आई, बाबांचे गुडघे असे, आणि तीन जिने. किती दिवस ओढणार? या इकडे. मागची खोली रिकामीच आहे." मागची खोली म्हणजे जिथे इस्त्रीचं टेबल आणि सूनबाईची व्यायामाची सायकल असते, ती. मी म्हटलं, बघू. हे म्हणाले, बघू. आमच्या घरात दोघांनी बघू म्हटलं की ती गोष्ट झालीच म्हणून समजायचं.
म्हणून हातपाय हलवायला हवेत. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी होते आहे. भाडं जास्त आहे. ते भाडं मी कमावणार. ऑनलाइन क्लास काढायचा, विषय काटकसर. एकतीस वर्षं एका पगारात घर चालवलं, कुणापुढे हात पसरला नाही. नुसती मॅट्रिक असले तरी काय झालं? असल्या विषयाला डिग्री लागत नाही.

२ सप्टेंबर
झेरॉक्सवालीकडे गेले. कोपऱ्यावर दुकान आहे, वय माझ्याहून थोडं कमी, कॉम्प्युटरचं सगळं तिला येतं आणि तोंडही चालतं. म्हणाली, "काकू, डायरेक्ट क्लास काढलात तर नुसत्या खुर्च्या ऐकतील. आधी माणसं जमवा." कशी जमवायची? तर म्हणे छोटं पुस्तक लिहायचं, ईबुक, आणि ते फुकट वाटायचं.
फुकट! पायातली चप्पल पुन्हा नीट घातली आणि निघाले. तिने हात धरून बसवलं. पुस्तक फुकट, पण घेणारा आपला मेलचा पत्ता देतो. तो आपल्या यादीत जातो. मग त्याला दर आठवड्याला आपण मेल करायची. यादीत हजार जण असले तर वीस-पंचवीस तरी पैसे भरून क्लासला येतात. म्हणजे हे फुकट वाटणं नव्हे, पेरणी झाली. पटलं.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. पेपर तोंडासमोरून न हलवता म्हणाले, "तीस तारखेपर्यंत हजार नावं दाखव. मुलाला नाही म्हणून कळवतो आणि घरमालकाला तळमजल्याचं हो सांगतो." मी विचारलं, शब्द? म्हणाले, शब्द. पेपरच्या मागून दिला, पण दिला.

९ सप्टेंबर
पुस्तक तयार. "काटकसरीचे एक्कावन्न नियम." सात दिवसांत झालं, कारण मला आठवावं लागत नाही.
झेरॉक्सवाली म्हणाली, दहा नियम द्या, बाकीचे क्लासला ठेवा, नाहीतर क्लासमध्ये शिकवणार काय? मी म्हटलं, काटकसर वेगळी आणि चिकटपणा वेगळा. एक्कावन्नच्या एक्कावन्न दिले. क्लासमध्ये बावन्नावा सुचेलच.
मुखपृष्ठ काळं-पांढरं करायला सांगितलं, रंगीत शाई महाग पडते म्हणून. ती म्हणाली, "अहो काकू, स्क्रीनवर शाई लागत नाही." लागत नसेल. सवय वाईट लागते.

११ सप्टेंबर. दुपारी १२.३०
देवाला सांगून लिंक सुरू केली. पहिलं नाव झेरॉक्सवालीचं. दुसरं सूनबाईचं! तिला या पुस्तकाची गरज आहे हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. तिसरं ह्यांचं. ते मीच घातलं.
वहीत दोन रकाने आखले: जमा आणि वजा. माणसांचे. वजाचा लागणार नाही, पण एकच रकाना आखला की पान लंगडं दिसतं.

१४ सप्टेंबर
जमा १९. या वेगाने तीस तारखेला शंभरसुद्धा होणार नाहीत. पण वेग वाढणार. सुरुवातीला असंच असतं.
सकाळच्या पूजेनंतर सगळी नावं देवापुढे मोठ्याने वाचते. नावं कसली, निम्म्यांचे नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. देवाला कळत असेल कोण ते.

१६ सप्टेंबर
हे आज न सांगता जिना उतरले आणि पुन्हा चढून आले. बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत दाराशी उभी होते, पण तसं दाखवलं नाही. कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाले, "पेपरवाल्याशी काम होतं." पेपरवाला सहाला येऊन जातो. तेव्हा अकरा वाजले होते. कपाळावरचा घाम माझ्याच पदराला पुसला आणि खुर्चीत जाऊन बसले.
जमा २६.

१७ सप्टेंबर
आजही उतरले. एकवीस मिनिटं.

१९ सप्टेंबर
काय लिहू! व्हिडिओवर घर आवरून दाखवणारी एक बाई आहे, तिचे म्हणे दोन लाख बघणारे. तिने माझं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. धरलं म्हणजे फोन धरला. म्हणाली, या मावशींनी फुकटात खजिना दिलाय, घेऊन टाका.
सकाळी ३१ होते. संध्याकाळी ८६१.
झेरॉक्सवालीने दुकानातून ओरडून आकडा सांगितला, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी पदर सावरला आणि शांतपणे पलीकडे गेले. प्रसिद्धी आली की शांत राहायचं असतं.

२० सप्टेंबर
पूजेला एक तास दहा मिनिटं लागली. ८९७ नावं. घसा बसला.
मुलाला फोन करून सांगितलं, आम्ही येत नाही. म्हणाला, "आई, यादीत नाव असणं म्हणजे गिऱ्हाईक नव्हे गं." मी म्हटलं, तुला आठवीत गणितात काठावर पास कुणी केलं? मग सूनबाई फोनवर आली. म्हणाली, "आई, खरंच छान लिहिलंय. रोज एक नियम करते आहे." सुधारते आहे पोरगी.
ह्यांनी घरमालकाला जिन्यात गाठून तळमजल्याच्या खिडक्यांना गज आहेत का विचारलं. अजून वीस तारीख आहे, तरी.

२२ सप्टेंबर
जमा ९१३. वजा ३८.
वजाचा रकाना वापरात आला. झेरॉक्सवाली म्हणाली, थोडे गळतातच. केस नाही का गळत? टक्कल थोडंच पडतं.

२३ सप्टेंबर. सायंकाळी ५
आज एका दिवसात वजा १४९. मशीन बिघडलं असणार, असं मी म्हटलं. झेरॉक्सवालीने मशीन बंद करून चालू केलं. १५० झाले.
मग तिने आलेल्या मेल उघडल्या. एका बाईने लिहिलं होतं: "मावशी, तुमचे फार उपकार. नियम सतरा वाचला आणि लगेच अमलात आणला. तुमच्यापासूनच सुरुवात केली. नमस्कार."
नियम सतरा मीच लिहिलेला. "फुकटच्या आशेने कुठेही नाव-पत्ता देऊ नये. दिला असल्यास आजच सगळ्या याद्यांतून आपलं नाव काढून घ्यावं. नको त्या मेल वाचण्यात गेलेला वेळ हाही खर्चच."
झेरॉक्सवालीने डोक्याला हात लावला. "काकू, स्वतःच्या दुकानाच्या दाराला कुलूप घालून किल्ली गिऱ्हाइकाला दिलीत की हो!" हसत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली.
मी काय म्हणते, नियम बरोबर आहे. दीडशे बायकांनी तो पाळला. इतकं कुणी शिकवून दाखवावं.

२४ सप्टेंबर
झेरॉक्सवालीचं म्हणणं, नियम सतरा पुस्तकातून काढून टाकू. मी नाही म्हटलं. रोज देवापुढे बसते, आणि खरं लिहिलेलं खोडू? शिवाय ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे तो गेलाच आहे.
त्याऐवजी सगळ्यांना एक मेल पाठवायची: नियम सतरा बाकीच्या याद्यांना लागू आहे, आपल्या यादीला नाही. साधं, सरळ. झेरॉक्सवाली म्हणाली, नका पाठवू. ती हुशार आहे, पण संसार तिने केलेला नाही. माणसाला समजावून सांगितलं की माणूस ऐकतो.
सकाळी अकराला पाठवली.
दुपारी सूनबाईचा फोन. म्हणाली, "आई, तुमचा नियम तेवीस, न वापरलेली वस्तू विकावी, तो वाचून सायकल विकून टाकली. इस्त्रीचं टेबलही दुमडून भिंतीला लावलं. खोली एवढी मोठी होती हे आम्हाला माहीतच नव्हतं!" मी म्हटलं, छान केलंस. आणखी काय म्हणणार?

२५ सप्टेंबर
एका दिवसात वजा ४३०.
झेरॉक्सवाली म्हणते, ज्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं त्यांनी तुमच्या मेलमुळे उघडलं. थेट सतराव्या नियमावर.
हे आज जिना उतरले नाहीत. पाऊल दुखतंय म्हणाले. गुडघे दुखतात, पाऊल कधीपासून?

२७ सप्टेंबर
नवी योजना. सगळ्यांना आणखी एक मेल पाठवायची, त्यात लिहायचं की मागच्या मेलकडे
नको.

२८ सप्टेंबर
हे उतरले. मी गॅलरीतून बघत होते, खाली फाटकाशी आलेच नाहीत. जाऊन बघते तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेले. म्हणाले, "इथे वारा चांगला लागतो." मीही बसले. वारा नव्हताच. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण पिशव्या घेऊन वर आली, आम्ही दोघं भिंतीला सरकून तिला वाट दिली. "इथे का बसलात काका?" तिने विचारलं. हे म्हणाले, "हिच्या क्लासचं बघतोय." मग मी धरून वर आणलं. चाळीस मिनिटं.

२९ सप्टेंबर
शिल्लक २०९. आज एकही गेलं नाही. दोन दिवस एकही नाही! म्हणजे हे खरे, टिकणारे. मोत्यांसारखी माणसं. दोनशे नऊ निष्ठावान वाचक पुष्कळ झाले. झेरॉक्सवालीला तसं सांगितलं.
तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणी पुस्तक उघडलं आणि कुणी नाही, ते म्हणे दिसतं. दोनशे नऊंपैकी उघडलेले शून्य. मेल उघडलेलेही शून्य. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, ज्यांनी वाचलं ते गेले. न वाचणारे राहिले."
मी विचारलं, सूनबाई? तिने शोधलं. सूनबाईचं नाव तेवीस तारखेलाच निघून गेलेलं. आणि ह्यांचं? ते होतं.
झेरॉक्सवालीने आज माझ्याकडून कामाचे पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवत होते, तिने परत हातात कोंबले. असं कुणी करू नये. मला वाईट वाटलं.

३० सप्टेंबर. सायंकाळी
हे पेपर घेऊन बसले होते. पण आज पेपर घडी करून मांडीवर ठेवलेला. "बोल," म्हणाले.
मी वही उघडली. म्हटलं, बघा, शिल्लक दोनशे नऊ आहेत. पण गेलेले सातशे चार, तेही माझेच वाचक. माझं ऐकलं म्हणूनच गेले. प्रामाणिकपणे धरायचे तर तेही धरायला हवेत. एकूण नऊशे तेरा.
त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले. म्हणाले, "सत्त्याऐंशी कमी."
त्यांनी सातशे चार धरले होते. वाद घातला नाही, हसले नाहीत, एकदम धरून टाकले. आणि तरीही सत्त्याऐंशी कमीच पडत होते. मी वहीत पुन्हा बेरीज केली. कुठे चूक निघते का बघितलं. बेरीज बरोबर होती. माझी बेरीज कधी चुकत नाही.
"थोडं थांबायचं का?" त्यांनीच विचारलं. मला म्हणायचं होतं, थांबू. त्यांचा पाय स्टुलावर होता, सुजलेला. मी म्हटलं, फोन लावा.
फोनवर म्हणाले, "हं. येतो आम्ही. नाही, नाही, तिचीच इच्छा."

१२ ऑक्टोबर. सकाळी ६.४०. मुलाकडे
इथे लिफ्ट आहे. हे दिवसातून तीनदा खाली जातात, बाकावरच्या लोकांशी ओळखी झाल्या आहेत. काल जेवताना दोन वेळा हसले. चांगलंच झालं म्हणायचं.
क्लासचा विषय कुणी काढत नाही. मीही नाही.
सूनबाई काटकसरीने राहते. एकही गोष्ट वाया जात नाही, मला सांगायला काही उरलेलंच नाही.
आज साडेपाचला जाग आली. सवयीने उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दिव्याचं बटण कुठलं ते कळेना. तीन दाबली, पंखा लागला, बाहेरचा दिवा लागला, मग आतला. तेवढ्यात सूनबाई उठून आली, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "आई, काही हवं होतं का?"
मी म्हटलं, पाणी.
तिने पेला भरून दिला. बाहेरचा दिवा बंद केला, पंखा बंद केला, आणि मी निघेपर्यंत आतल्या दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. मी पेला घेऊन खोलीत आले.
तहान नव्हती.